आमच्या चाळीवरचा लेख

८ ऑगस्ट २००७, नाशिक
ग्रंथालयाच्या संगणक खोलीत अर्धा तास मिळाला. चपला बाहेर, वहीत सही. पासवर्ड ग्रंथपाल बाई स्वतः टाकतात, तेवढा वेळ आपण भिंतीकडे बघायचं. परदेशी जर्नल्स आज पहिल्यांदा उघडली. इंग्रजीत कांदा, साठवण, सड असं टाकलं आणि घात झाला. माझाच विषय, कांदाचाळीत साठवलेला कांदा किती सडतो, एकाने आधीच करून ठेवलाय. निष्कर्ष : सड नगण्य. मग मी काय संशोधन करणार, डोंबल?

९ ऑगस्ट
पूर्ण लेखाची प्रिंट घेतली. प्रयोगाची जागा वाचून उडालेच. देवळा तालुका, आमचंच गाव, 'एका स्थानिक शेतकऱ्याची चाळ'. सोमवारी गाईड सरांपुढे विषय पक्का करायचाय. त्यांनी हा लेख पाहिलेला नाही. नाहीच दाखवला तर... छे. पण विचार आला खरा.

११ ऑगस्ट, घरी
आप्पांना विचारलं. म्हणाले, आपलीच चाळ शे ती. तू शिकायला नाशिकला होतीस, तेव्हा तो साहेब वजनकाटा घेऊन चार महिने येत होता. भला माणूस, तुझ्या आईच्या हातचं जेवायचा. मग सहज बोलून गेले, तो यायच्या आदल्या दिवशी सडके कांदे निवडून फेकायचो.
का, म्हटलं.
"पाव्हण्यासमोर सडका कांदा कसा ठेवायचा?"
कपाळावर हात मारला. कुठकुठली पोरं तो लेख खरा धरून वाचत असतील. हसू आलं, रडूही.

१२ ऑगस्ट
लेखाचा अर्थ आप्पांना नीट सांगितला. उठून चाळीकडे गेले, बऱ्याच वेळाने आले. फार वाईट वाटलं मला. म्हटलं, माझा विषय वाचेल, पण तुम्ही कांदे निवडायचात हे लिहावं लागेल. लोक हसतील, तर नाव नाही टाकत.
"टाक. त्या साहेबानं नव्हतं टाकलं."
आणि म्हणाले, या खेपेला एक कांदा काढणार नाय, खालपासून मोज.

१३ ऑगस्ट, सकाळ
नाशिकच्या एसटीत. प्रिंट पिशवीत आहे, दाखवणार. सर ऐकतील का, देव जाणे. 'संदर्भ कुठाय?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. बापाचं नाव संदर्भसूचीत कसं लिहितात, ते आधी ग्रंथपाल बाईंना विचारते.