सात नंबरचा खिळा

१५ नोव्हेंबर
आज सकाळी इथलं पहिलं काम केलं. शिकार क्लबच्या ओसरीवरचा फळा ओल्या फडक्यानं पुसून काढला. फळ्यावर जंगलाचा नकाशा, प्रत्येक मचाणाला एक खिळा. शिकारी ज्या मचाणावर बसणार, तिथे आपल्या नावाचा पितळी बिल्ला अडकवतो; मग त्या दिशेला कुणी गोळी झाडत नाही. सात नंबरच्या मचाणाच्या खिळ्यावर कुणा ओडेलचा बिल्ला काळा पडून लटकत होता. काढून खिशात टाकला, मला मिळालेल्या नव्या बिल्ल्याशेजारी. रखवालदाराचं घर कोरडं आहे, ओढा जवळ. नाताळासाठी बायको, व्हर्ना, येईल. देवाचे आभार मानले.

१९ नोव्हेंबर
रिकामा खिळा बघून क्लबप्रमुख रॉइसनी विचारलं, ओडेलचा बिल्ला कुठाय? ओडेल माझ्या आधीचा रखवालदार. गेल्या डिसेंबरात सातवर गेला, परतला नाही; मचाण रिकामं सापडलं. बिल्ला ज्याचा त्यानंच काढायचा असतो, एवढंही शिकवलं नाही का रे तुला कुणी, म्हणाले. मग हसले. बसला होता ओडेल बिचारा तिथे, तुझं काय खात होता? परत अडकवायला खिसा चाचपला. त्याचा बिल्ला नव्हता.

२७ नोव्हेंबर
हंगामाचा पहिला आठवडा. बंदुका वाजल्या नि हरणं शहाणी झाली. ज्या मचाणावर माणूस, तिकडे फिरकत नाहीत. वास आला की शेपटी उभारून पसार. भरदिवसा चरतात ती फक्त सातखाली. मधूनच मचाणाकडे बघतात, ओळखीच्याकडे बघावं तशी.

४ डिसेंबर
सातची शिडी चढलो. मचाणाच्या फळीवर ओडेलचा बिल्ला, लख्ख घासलेला. खाली वीसेक हरणं. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे. एकही हललं नाही.

११ डिसेंबर
कळपातून चालत गेलो. एका मादीला बाही घासली. ती चरत राहिली. इतक्या गोळ्या ऐकलेलं जनावर ज्याला भीत नाही, तो माणूस —
रॉइसना हाक मारली. दोन हातांच्या अंतरावर उभे होते. माझ्याकडे न बघताच सोबत्याला म्हणाले, हा रखवालदारही ओडेलसारखा पळाला वाटतं.

१६ डिसेंबर
प्रार्थनेला बसलो. ओठ हलतात, आवाज — व्हर्ना शनिवारी येणार. मला शोधत जंगलात शिरेल. सातबद्दल तिला मीच पत्रात लिहिलंय, म्हणजे सातकडेच. आणि चहूकडे बंदुका —

१८ डिसेंबर
गाडी वाजली. तीच. व्हर्ना उतरली, मला न बघता अगदी जवळून गेली, माझं नाव घेत.
बिल्ला असला की तिकडे गोळी नाही. तिच्यासाठी एवढंच उरलंय. काढायचा मात्र मीच, आणि मी परत —
माझा बिल्ला फळ्यावर सातच्या खिळ्याला अडकवला. ओडेलच्या बिल्ल्यावर. मचाणावर सोडलेला, तरी तो आधीच तिथे —