पोलोग्राउंडच्या बोरिंग मशीनबाबत, आणि इतर चीजवस्तूंबाबत

॥ श्री मार्तंड प्रसन्न ॥

मी भानुमती, कैलासवासी मालोजी जगदाळे यांची पत्नी, वय वर्षे एकसष्ट, शिक्षण मॅट्रिक, राहणार रामबाग, इंदूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर ताटक्यांनी काल वार, तारीख आणि सतराचा पाढा विचारून तशी खात्री करून घेतली. मी त्यांना सत्तावीसचाही म्हणून दाखवला. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ज्यांना ज्यांना कळलं ते सगळे लिहू नका असंच म्हणत आहेत. परवा सोमवारी, अमावास्या उलटल्यावर, माझं पोटाचं ऑपरेशन आहे. परत आले तर कागद माझ्यापाशी राहील. न आले तर शेजारच्या इंदुमतीबाई वैशंपायन यांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा आणि त्याप्रमाणे करून घ्यावं. त्या मुख्याध्यापिका होत्या, मध्ये कोणी बोललं तर गप्प बसवतील.

घर आणि दागिने यांची वाटणी सोपी आहे, मला मुलगा एकच. माझी झोप उडाली आहे ती कारखान्यातल्या मशीनमुळे. ते मी कोणाच्या हाती देते, यावर त्यातून पुढे काय बाहेर पडेल हे ठरणार आहे.

कलम १. रामबागचं घर चिरंजीव मारुती आणि सूनबाई प्रेमलता या दोघांच्या नावे समान. एकट्या मारुतीच्या नावे नाही, हे मुद्दाम. न्हाणीघराचा पत्रा पावसाआधी बदलावा. जुना टाकून देऊ नये, कोळशाच्या खोलीवर बसेल.

कलम २. पोस्टातली शिल्लक माझ्या आजारपणाला पुरून उरेल ती प्रेमलतेला. माझ्या तेराव्याला पन्नासावर पानं मांडू नयेत. पत्रावळी कृष्णपुऱ्यातून आणाव्यात, राजवाड्याजवळ त्याच पत्रावळींना जास्त पैसे घेतात.

कलम ३. देव, देवांची भांडी, माझी मोहनमाळ आणि शिवणयंत्र प्रेमलतेला. खंडोबाच्या टाकाला चिंच लावू नये, राखेने घासावं. आमचं दोघींचं कशावरून बिनसलं होतं ते आता मला आठवत नाही. तिला आठवत असेल तर तिनेही सोडून द्यावं.

कलम ४. पोलोग्राउंडचा कारखाना, जर्मन बोरिंग मशीनसह, चिरंजीव मारुती याला. (हे कलम काल सकाळी लिहिलं. कलम ११ वाचल्याशिवाय यावर जाऊ नये. कागद चांगला आहे म्हणून फाडला नाही.)

कलम ५. मशीन आलं कसं, ते नातवंडांना कळावं म्हणून लिहिते. माझे सासरे होळकरांच्या तोफखान्यात मिस्त्री होते. संस्थान गेलं, तोफा गेल्या, हात राहिले. आमचे हे मिलमध्ये फिटर. नोकरीत असताना धंदा स्वतःच्या नावावर काढता येईना, म्हणून कारखाना माझ्या नावावर. पंप आणि व्हॉल्व्हचे भाग बनायचे. सन १९६२ मध्ये जर्मनीहून मशीन आणायचं लायसन्स मिळालं. केसाच्या दहाव्या हिश्शाइतकीही चूक न होता पोलादात भोक पाडतं, असं ते मशीन. पण देण्याआधी तिकडच्या लोकांनी एक कागद सहीला पाठवला. या मशीनवर हत्यारांचं काही बनवणार नाही, आणि परवानगीशिवाय मशीन दुसऱ्याला देणार नाही, असा.

हे म्हणाले, "कर सही. सगळेच करतात."

मी म्हटलं, "वाचल्याशिवाय नाही."

"अगं, इंग्रजी आहे."

"मग मॅट्रिक कशाला झाले?"

दोन दिवस डिक्शनरी घेऊन वाचला. मग देवापुढे ठेवला, हातावर पाणी घेऊन सोडलं आणि सही केली. हे हसले. म्हणाले, "सत्यनारायण झाला की हा!" माझ्या लेखी तसाच होता. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. काय बनलं, किती नग, कोणाला दिले, आणि चौथा रकाना, तो माणूस त्याचं काय करणार. चौथा रकाना कोणी मागितला नव्हता. पण तो नसता तर मी सही कशावर केली होती?

कलम ६. आता माझी चूक. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने त्या खोलीत नारळ, कुंकू, उदबत्ती काही चालणार नाही, असं बजावलं होतं. धुळीचा कण चालायचा नाही. मग दसऱ्याला यंत्राची पूजा करायची कशी? मी नंबराची पितळी प्लेट काढायला लावली, घरी आणली आणि देव्हाऱ्यात ठेवली. दरवर्षी तिथेच पूजा. सन ६६ मध्ये नियंत्रण कार्यालयातून तपासणीचे साहेब आले.

"प्लेट कुठे आहे?"

हे म्हणाले, "देवात."

"देवात म्हणजे?"

"देव्हाऱ्यात, साहेब. खंडोबाच्या डाव्या हाताला."

प्लेट आणली. नंबरावर चार दसऱ्यांचं कुंकू थापलेलं. साहेबांनी नखाने खरवडून नंबर जुळवला, तो जुळला, पण ते म्हणाले, "उद्या तुम्ही मशीन विकाल आणि प्लेट घरी पुजाल, तर मला कसं कळणार?" माणूस वाईट नव्हता, चहाही घेतला, पण प्लेट सुटी सापडली असं लिहून गेला. तीन वर्षं सुटे भाग आले नाहीत. पाच कामगार सुटले. यांनी मला दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "भानू, मशीन आपलंच आहे हे देवाला कळतं गं. कागदाला कळत नाही." प्लेट रिव्हेट मारून बसवली. हे सन ७१ ला गेले. जाताना कारखान्याचं काहीच बोलले नाहीत, ते मला आजही लागतं.

कलम ७. माझे दीर नानासाहेब यांना मर्फीचा रेडिओ. सन ७४ च्या मे महिन्यात राजस्थानात अणुस्फोट झाला, तेव्हा ते पेढे घेऊन आले होते. पुढच्याच महिन्यात जर्मनीचं पत्र आलं, तुमच्या मशीनवर काय बनतं, कोणासाठी बनतं, सगळं कळवा, तोवर बेअरिंग पाठवता येत नाही. नानासाहेब खवळले. "वैनी, स्फोट केला दिल्लीवाल्यांनी आणि बेअरिंग अडलं आपलं! ये कहाँ का न्याय है?" न्याय नव्हताच. ज्यांच्या घरात सगळं भरलेलं आहे त्यांनी आपली पिशवी तपासावी, हे मलाही टोचलं. तरी मी वहीची नक्कल केली, एक्केचाळीस पानं, हाताने. नानासाहेब मुंजीत, बारशात सांगत सुटले, "आमच्या वैनी जर्मनीला निबंध पाठवतात." उत्तर आलं की कागद पोचले. बेअरिंग आजतागायत आलं नाही. पण वही मी त्यांच्या बेअरिंगसाठी लिहीत नव्हते. नानासाहेबांनी रेडिओवर बातम्या शेवटपर्यंत ऐकाव्यात, मधूनच उठू नये.

कलम ८. हल्लीचं. भाद्रपदात मुंबईचा एक दलाल आला. नाव लिहीत नाही, ते खरं असेल असं वाटत नाही. पोलाद स्वतःचं आणलं, नकाशावरचं कंपनीचं नाव कात्रीने कापलेलं. साठ कड्या हव्यात, दर तिप्पट. म्हणाला, दुधाच्या डेअरीसाठी.

मी विचारलं, "कौनसी डेअरी?"

"बाहर की है, माँजी."

"बाहर कहाँ?"

"पहले खाड़ी में जायेगा माल, फिर आगे."

"आगे कहाँ?"

"आगे तो आगे है, माँजी."

चौथ्या रकान्यात मी 'आगे' लिहायचं का? आमचा पांडुरंग मिस्त्री, मशीन आलं त्या वर्षापासून त्याच्यावर उभा राहणारा. त्याने नकाशा उजेडात धरला, माप पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, एवढ्या बारीक मापाचं दूध मी तरी नाही प्यालो." त्याने मशीनला हात लावायचं नाकारलं. असल्या मापाच्या कड्या कशात बसतात हे त्याला नक्की माहीत नव्हतं, मला तर नाहीच. पण दुधात बसत नाहीत एवढं आम्हा दोघांना कळलं.

मारुती लोभी नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. दोन वर्षं बेअरिंगअभावी मशीन अर्ध्या जोरावर चाललं, कामं गेली, कामगारांचं तोंड त्याला बघावं लागतं, मला नाही. तो म्हणाला, "आई, आपण सुरी विकतो. घेणारा भाजी चिरतो का गळा, ते बघायला आपण पोलीस आहोत का?"

"सुरीवर मी सही नाही दिलेली. यावर दिली आहे."

"चौदा वर्षं झाली त्या सहीला! त्यांनी तरी काय पाळलं? बेअरिंग दिलं?"

"त्यांनी शब्द दिलाच नव्हता. मी दिला होता."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तुझ्यावर आहे. तुझ्या डेअरीवर नाही."

तो जेवला नाही, उठून गेला. तेव्हापासून मी जपाला बसले की मणी मोजायचे राहतात आणि कड्या मोजते.

कलम ९. दिवाळीनंतरच्या रविवारी मारुतीने मला अन्नपूर्णेच्या दर्शनाला पाठवलं. रिक्षाचे पैसे आपणहून दिले, तिथेच मला कळायला हवं होतं. संध्याकाळी प्रेमलता भाजी निवडता निवडता म्हणाली, "आत्याबाई, सांगू का नको ठरत नाही. आज हे स्वतः मशीनवर उभे होते." नमुन्याच्या दोन कड्या झाल्या आणि दलाल घेऊन गेला. वहीत नोंद नाही. म्हणून इथे करते: कड्या, नग दोन, दिल्या मुंबईच्या दलालाला, काय करणार, माहीत नाही. चौदा वर्षांत 'माहीत नाही' असं मी पहिल्यांदा लिहिलं. प्रेमलतेवर कोणी रागावू नये. वाटीभर भाजी तिने तीनदा निवडली, इतकी ती घाबरली होती.

कलम १०. पुढे दहा-बारा दिवसांनी नियंत्रण कार्यालयाची नोटीस आली. नकाशा, उरलेलं पोलाद आणि मालकाचा जबाब घेऊन हजर व्हा. हल्ली आणीबाणीच्या दिवसांत चौकशी म्हटलं की माणसं आधी वाट धरतात. दलाल त्याच दिवशी नाहीसा झाला. मारुतीने नोटीस वाचली आणि सरळ पांडुरंगाकडे गेला. सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "खाल्ल्या घरात चुगली करतोस? निकल जा!" पांडुरंगाने एकच विचारलं, "भिया, मी?" डबा उचलला आणि गेला. मी ऑफिसच्या दारात उभी होते. काही बोलले नाही. यांचा मायक्रोमीटर, लाकडी पेटीसह, पांडुरंगाला द्यावा. ती त्याची भरपाई समजू नये. भरपाई पुढे आहे.

कलम ११. मशीनबाबत शेवटचं. काल दुपारी मी ते सरकारी ट्रेनिंग शाळेला द्यायचं ठरवलं होतं, तसा मसुदाही केला. वकील म्हणाले, शाळेला द्यायला परवानगी लागेल, वर्षं जातील, वारसाला मात्र सहीसकट जातं. रात्रभर विचार केला. मारुतीकडून काढून घेतलं तर त्याला शब्द पाळता येणार नाही, हे मीच कागदावर कायम केलं असं होईल. म्हणून मशीन मारुतीलाच. अट एक: तीन महिन्यांच्या आत त्याने कलम ५ मधल्यासारखाच कागद स्वतःच्या नावाने, स्वतः वाचून, सही करून द्यावा. नाही दिला तर इंदुमतीबाईंनी शाळेसाठी परवानगीचा अर्ज करावा आणि तोवर खोलीची किल्ली आपल्याकडे ठेवावी. मालक मी आहे, तेव्हा जबाबही माझाच. मी हजर राहू शकले नाही तर कलम ५ ते ९ हाच माझा जबाब समजावा. त्यात मारुतीने केलेलंही आहे, ते मी गाळलं नाही.

कलम १२. मारुती, हे तुला, ऐकतील सगळे तरी. कार्यालयाला पत्र पांडुरंगाने लिहिलं नाही. मी लिहिलं. प्रेमलतेने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नकाशाची नक्कल पातळ कागदावर काढली आणि पोस्टात मीच टाकली. तुला आधी सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस आणि मी थांबले असते, म्हणून नाही सांगितलं. पण तू पांडुरंगाला हाकललंस तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी तुला घाबरले. पोटच्या पोराला घाबरले आणि दुसऱ्याच्या पोराला कारखान्याबाहेर जाऊ दिलं. नऊ दिवस झाले. उद्या तू दवाखान्याचं सामान न्यायला खोलीत येशील, तेव्हा तोंडाने सांगायचा प्रयत्न करीन. धीर झाला नाही तर हे आहेच.

पांडुरंगाकडे तू स्वतः जा. नानासाहेबांना पाठवू नकोस, मिठाई नेऊ नकोस. तो कृष्णपुऱ्याला होळकरांच्या समाधीछत्र्यांच्या मागे राहतो, त्याची बायको रमा आधी दार उघडेल आणि काहीबाही बोलेल, ते ऐकून घे. मग पत्र आईने टाकलं होतं असं सांग, जसं सगळ्यांसमोर त्याला हाकललंस तसंच मोठ्याने. तो आत ये म्हणेपर्यंत चप्पल काढू नकोस.

वरची बारा कलमं मी लिहिली, परत वाचली, आणि जिथे खोडावंसं वाटलं तिथेही खोडलं नाही. पूर्वी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते आता धरू नये.

सही: भानुमती मालोजी जगदाळे

वरील बाईंनी आम्हा दोघांसमोर, स्वतः वाचून दाखवून, सही केली. त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार:
१. डॉ. अप्पासाहेब ताटके, रामबाग
२. इंदुमती वैशंपायन, रामबाग

मुक्काम इंदूर, शनिवार, ता. २० नोव्हेंबर १९७६
शके १८९८, कार्तिक वद्य चतुर्दशी