पासवर्ड नसलेला फोल्डर

४ मार्च
झालं एकदाचं! लेकीचा जुना लॅपटॉप – स्क्रीन फुटलेला, अर्धी बटणं मुकी – आजपासून घराचं कोठार. डिस्क जोडली, वायर राउटरला खुपसली. फोटो, बिलं, लेकीचा अभ्यास, सगळं एका जागी. ज्याला हवं त्याने आपापल्या फोनवर उघडावं. दुकानदार नवं यंत्र गळ्यात मारत होता. म्हटलं, राहू दे बाबा!

५ मार्च
बायको – "आपल्याच घरात पासवर्ड? मी काय चोर आहे?" काढून टाकला. कटकट नको.

९ मार्च
फोल्डरमध्ये नवा फोटो! बाबा, सायकल धुताना. मी टाकलेला नाही. बायकोने नाही. लेकीने तर हा कधी पाहिलासुद्धा नाही.

मग ट्यूब पेटली. राउटर जिन्यात, वरच्या मजल्यालाही तोच. म्हणजे वरच्या कॉम्प्युटरवरही आमचा फोल्डर दिसणारच. वर दादा राहतो. बाबा गेले, घराच्या वाटणीवरून आम्ही भांडलो, तेव्हापासून बोलणं बंद. बाबांचे सगळे फोटो त्याच्याकडेच राहिले. मागायला मी गेलो नाही – माझाही ताठा काही कमी नाही. आणि आता मीच शहाण्याने दार सताड उघडं ठेवलंय!

१० मार्च
बायको हादरली. "अहो, रागाच्या भरात भावजींनी सगळं पुसून टाकलं तर? घाला तो पासवर्ड!" पटलं. घालायला बसलो. तेवढ्यात आणखी एक फोटो आला. बाबांच्या एका खांद्यावर दादा, दुसऱ्यावर मी. दोघांची नाकं शेंबडी.

पासवर्ड घालायचा राहू दिला.

१४ मार्च
रोज येताहेत. मीही आईचे टाकले, ते आमच्याकडे होते. वरून दादाचा खोकला ऐकू आला. उगाच बरं वाटलं.

१५ मार्च
ठरलं, रविवारी वर जायचं. काय बोलायचं ते सुचत नाहीये. बायको म्हणते, "काही बोलू नका, नुसते जा. तोंड उघडलंत की वाद घालता."

१६ मार्च
सकाळी दारात सामानाचा ट्रक. वहिनी जिन्यात भेटल्या – "मुलाकडे चाललोय. कायमचे."

म्हणजे रोज फोटो येत होते, ते हे घर आवरणं चाललं होतं! आणि मी येडा, रविवारची वाट बघत बसलो.

तसाच वर गेलो. दादा एकटाच कपाट ओढत होता. मी दुसरं टोक धरलं. त्याने पाहिलं. मग म्हणाला, "बोटं सांभाळ. वळणावर चेपतात."