कुत्र्याची पोळी

कॅरी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. राज्याचा नियम बदलला म्हणे, आता रात्रीसुद्धा दिवे लावून कायोटी, म्हणजे इथले रानकोल्हे, मारता येतात. शेजारचा डेल कुंपणापाशी येऊन दात काढत म्हणाला, "थँक यू! तुझ्या आईने माझं काम सोपं केलं."

आई पुण्याहून आल्यापासून रोज शेवटची पोळी कुत्र्याची म्हणून तूप लावून मागच्या कुंपणापाशी ठेवते. इथे अमेरिकेत कुठलं आलंय भटकं कुत्रं? जंगलातून कायोटी येतो, पोळी खाऊन जातो. आणि या निर्लज्ज माणसाने नेमकं तिथेच समोर मचाण बांधलंय. आमच्या पोळीसमोर! म्हणे कोंबड्यांना धोका. एक तरी कोंबडी पाळलीय का याने?

निखिलला सांगितलं, तर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणतो, "लीगल आहे यार, इग्नोर कर." लीगल! तुझ्याशी झालेलं लग्नही लीगलच आहे.

शेवटी आईला सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं. "आपणच जेवायला बोलवायचं आणि मारू द्यायचं?"

मग सवयीने शेवटची पोळी केलीच तिने. तूपही लावलं. बाहेर मात्र नेली नाही. ती पोळी मी ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली.

डेल मचाणावर चढलाय. बस म्हणावं उपाशी.

पण सवय काय एकट्या आईलाच लागलीय? आज पोळी नाही, हे त्या कायोटीला कोण सांगणार?