अजून गावठी बोल ना

तेजश्री,

कॉलेज बुडवून शिरूरहून दौंडला यायचो, ते तुझ्यासाठी. तुझे रील तर निमित्त. "अजून गावठी बोल ना," म्हणायचीस, आणि मी बोलायचो. रेल्वे कॉलनीतल्या सेल्वमला तू प्रत्येक रीलमध्ये "अय्यो" म्हणायला लावलंस. तो चिडून निघून गेला, तेव्हा तुझ्याबरोबर मीही हसलो.

काल तुला म्हणालो, "तू मला लई आवडती." तू खिदळलीस, "हाच टोन ठेव, कॅमेरा लावते!" मी भडकलो. सेल्वमची नि माझी थट्टा केलीस, सगळ्यांसमोर माफी माग, म्हणालो. तू म्हणालीस, "हसत तर तूही होतास की."

मी तसाच शिरूरला परतलो.

माझ्या बोलीत लिहिलं, तर पुन्हा हसशील. म्हणून हे शुद्ध लिहिलं, पण माझं वाटतच न्हाई. पाठवू काय?

नुसता गोकुळ