भिंतीवरची निळी बाई

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे उभ्याउभ्याच घालते आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीची भिंत मला रंगवायला दिली आहे. माझं पहिलंच काम. माणसं हवीत, पण नाकडोळे नकोत. नुसते गोल, चौकोन, त्रिकोण. रंगही तीनच: निळा, पिवळा, काळा. मला वाटलं, यात चुकायला जागाच नाही. (शाळेत जायच्या आधी तू मला ओट्याशी बसवून वाटीभोवती पेन्सिल फिरवायला शिकवलंस, तेव्हापासून माझा गोलावर फार विश्वास.) दाराजवळची बाई मी एका मोठ्या निळ्या गोलाची केली. खाली दोन काड्या, कमरेवरचा हात म्हणून एक त्रिकोण. डॉक्टरांच्या आई तिथेच बसून पेशंटना नंबर देतात. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ही मी." मी म्हटलं, आजी, हा नुसता गोल आहे. "मग त्याला माझं पोट कुठून मिळालं?"

मी गोलाचा त्रिकोण केला. म्हणाल्या, बारीक झाले, पण मीच. निळ्याचा पिवळा केला, तर त्या दिवशी त्यांची शाल पिवळी. काळा करायचा धीर झाला नाही. शेवटी बाई पुसूनच टाकली, तर त्यांनी चहा सोडला: सगळ्यांना ठेवलं, मलाच तेवढं काढलं. म्हणून पुन्हा निळा गोल, आणि पुन्हा पोटाची तक्रार. आता डॉक्टर म्हणतात, रविवारपर्यंत आईची समजूत घाला, नाहीतर सगळी भिंत पांढरी करून टाकू.

खरं सांगू, भीती वाटतेच, पण नवल जास्त वाटतं. मागे बाबांचं चित्र काढलं, सुरकुती न् सुरकुती घेऊन, तर बाबांनीच विचारलं, हे गृहस्थ कोण? आणि इथे नाक नाही, डोळे नाहीत, तरी आजी स्वतःला ओळखतात. काय काय काढून घेतलं तरी माणूस उरतो गं? हल्ली जेवतानाही मी समोरच्याचे आकार पाहत बसते. (काका चौकोन आहेत. त्यांना सांगू नकोस.)

तुझी,
भाची

ता. क. तुझी दाढ ठणकते म्हणाली होतीस. शनिवारी इथेच दाखव ना. भिंतीपुढे जरा थांब आणि आजींना ऐकू जाईल असं म्हण, "अगंबाई, ही तर मी."

ता. क. २. निळा स्वेटर घालून ये.

ता. क. ३. मी तुला खोटं बोलायला लावते आहे असं समजू नकोस. काढताना माझ्या डोळ्यांपुढे तूच होतीस. गोल फार जीव लावून काढला आहे.