राउटर, एको आणि माझा उचललेला हात

२ मार्च, रविवार
चर्चनंतर आमच्या मुलीने, अडोमाने, तिच्या त्या एकोला जेवायला आणले. लग्न करीन तर याच्याशीच म्हणते. एको शितोची चटणी दोनदा मागून घेतो. जाताना वायफायच्या डब्याकडे बघून म्हणाला, अंकल, याचं सॉफ्टवेअर फार जुनं झालंय, अपडेट करून टाका. एक बटण दाबायचं, मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. टेमा बंदरात जन्म काढला मी, जहाजे सोडवली. मला बटण दाबायला शिकवतो!

३ मार्च
सकाळी बटण दाबले. लाल दिवा लुकलुकायला लागला. लाल म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही कळते. ताबडतोब प्लग उपटला. याला प्रसंगावधान म्हणतात.

संध्याकाळी. वायफाय दोन मिनिटे येते, दहा मिनिटे जाते. एकोचे अपडेट कुचकामी निघाले. पोकुआ म्हणाली, त्याने हात लावू नका सांगितलं होतं ना? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

५ मार्च
कंपनीला फोन केला. आधी भरपूर गाणी ऐकवली. मग एका मुलीने विचारले, सर, बंद करून परत चालू केलंत का? म्हटले, बाई, बंद केला म्हणून तर हे सगळे... फोन ठेवला. या लोकांना काही येत नाही.
संकल्प : स्वतः दुरुस्त करणे. शनिवारी.

८ मार्च, शनिवार
आज मूळ दोष सापडला. लहरी वरून येतात आणि आमचा डबा खाली, फ्रिजवर. टेबलावर स्टूल ठेवून वर चढलो आणि डबा पडद्याच्या दांडीला बांधला. फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या फुल! पोकुआला दाखवायला वळलो.

रात्री. घोट्याचे हाड मोडले. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पडताना दांडीसकट आलेला डबा हातातून सोडला नाही, याची कुणी दखल घेतली नाही. वायफाय नाही.

९ मार्च
पडून पडून विचार केला. अपडेट नसते तर स्टूल नसते, स्टूल नसते तर प्लास्टर नसते. सगळे एकोपाशी येऊन थांबते. आणि पुढच्या शनिवारी याचे लोक कुमासीला, पोकुआच्या माहेरी, दार ठोठावायला येणार. म्हणजे बाटल्या घेऊन रीतसर मुलगी मागायला. डॉक्टर म्हणतात, तुम्ही हलायचे नाही. तेव्हा मी व्हिडिओवर.

ठरले. भर सभेत नकार द्यायचा. ज्याला माझे वायफाय धड ठेवता आले नाही तो माझी मुलगी काय धड ठेवणार! हे अजून कुणाला सांगितलेले नाही.

अडचण एकच. आमच्यात मुलीच्या बापाने स्वतः बोलायचे नसते. त्याच्या वतीने ओक्यामे बोलते. आमची ओक्यामे म्हणजे पोकुआची थोरली बहीण, दुफीबाई. मी तिला सांगायचे, तिने गोड करून सभेला सांगायचे. गोड करायला मी जागाच ठेवणार नाही.

१२ मार्च
एकोचा फोन. अंकल, मी येऊन जाऊ का, थोडंसंच काम आहे. नाहीतर त्या दिवशी फोनच्या डेटावरून बसा. म्हटले, मुलीच्या कार्याला बाप डेटावरून बसेल? घरात स्वतःचे वायफाय असताना? मग दुधाच्या डब्याचा पत्रा कापून राउटरमागे उभा केला. एक काडी वाढली. कदाचित आधीपासून होती.

१४ मार्च
पोकुआ कुमासीला गेली. निघताना बजावले, उद्या तोंड बंद, हात खाली, फक्त मान डोलवा. बरं म्हटले. भाषण पाठ आहे.

१५ मार्च, शनिवार
सकाळी. वर केंटेचे भारी वस्त्र, खाली प्लास्टर. तीन काड्या. आज निकाल लागणार.

दुपारी. काय लिहू! रीतीप्रमाणे अडोमाला तीनदा विचारले, या बाटल्या घ्यायच्या का? दोनदा हो म्हणाली. तिसऱ्यांदा थांबली. पडद्यावर सरळ माझ्याकडे बघितले. हीच वेळ! हात वर केला आणि ओरडलो, थांबा, दुफीबाई, सांगा त्यांना... आणि चित्र जागच्या जागी गोठले. डबा हलवला, थोपटला, शिव्या दिल्या. परत चालू झाले तेव्हा तिकडे लोक नाचत होते.

संध्याकाळी. पोकुआचा फोन. म्हणे माझा आवाज पोचलाच नाही, मोठ्या टीव्हीवर मी तसाच गोठलो होतो. डोळे मिटलेले, हात वर. दुफीबाई उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, बापाला गहिवर आलाय, शब्द फुटत नाहीत, पण हात बघा, आशीर्वाद देतोय. सगळी सभा रडली. एकोचे आजोबा म्हणाले, इतका कमी बोलणारा व्याही नशिबानेच मिळतो. पोकुआच्या मते मी जन्मात इतका शहाण्यासारखा वागलो नव्हतो.
विचारांती असे दिसते की माझी योजनाही साधारण अशीच होती.

१८ मार्च
एको आणि अडोमा आले. एकोने पत्रा काढला, बटण दाबले आणि गप्प बसून राहिला. लाल दिवा लुकलुकायला लागला. माझा हात शिवशिवला. अडोमाने तो धरून ठेवला. दिवा हिरवा झाला.

एको आत पाणी प्यायला गेला तेव्हा तिने हळूच विचारले, डॅडी, तो हात आशीर्वादाचा नव्हता ना? मला शाळेत सोडताना ट्रोट्रोची मिनीबस थांबवायला करायचात, तोच होता. इतकी वर्षे झाली, पोरीच्या लक्षात आहे. म्हटले, कळले होते, तर मग हो कशाला म्हणालीस?
म्हणाली, ट्रोट्रो तरी कधी थांबला का तुमच्यासाठी?

माझा हात मात्र तिने सोडला नाही. वायफाय उत्तम. सगळ्या काड्या फुल.